‘डेंजर’ हा शब्द कसा वापरावा

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक आजी येतात. एके दिवशी त्यांनी पाटी खाली ठेवली आणि विचारले, “गुरुजी, आमची नात सारखी म्हणती, ‘आज्जी, ते लई डेंजर हाय.’ कुत्रं डेंजर, मास्तर डेंजर, सिनेमा बी डेंजर. म्हंजी नेमकं काय हो?”

वर्गात सगळे हसले. पण नेमका अर्थ कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणाला, “भारी.” दुसरा म्हणाला, “खतरनाक.” तिसरा म्हणाला, “जिथं मरण असतं ते.”

मंडळी, तिघांचेही थोडे थोडे बरोबर होते. शब्द इंग्रजीतला. पण आता तो आपल्या भूमच्या बाजारातही ऐकू येतो, विजेच्या खांबावर दिसतो, फवारणीच्या बाटलीवर असतो. जो शब्द आपल्या जिवाशी निगडित आहे, त्याचा अर्थ आपल्याला नीट कळला पाहिजे. म्हणून आज आपण या एका शब्दाची ओळख करून घेऊ.

नाव कोणते, गुण कोणता?

इंग्रजीत दोन जवळचे शब्द आहेत. एक ‘डेंजर’ आणि दुसरा ‘डेंजरस’.

‘डेंजर’ म्हणजे धोका. हे नाव झाले.

‘डेंजरस’ म्हणजे धोक्याचे, धोकादायक. हा गुण झाला. व्याकरणात याला विशेषण म्हणतात. काळी गाय, उंच झाड, गोड ऊस, यांत काळी, उंच, गोड ही जशी विशेषणे, तसेच ‘डेंजरस’ हेही विशेषण.

इंग्रजी बोलणारा माणूस म्हणेल, “धिस वायर इज डेंजरस.” म्हणजे, ही तार धोकादायक आहे.

आपण मराठीत बोलताना शेवटचा ‘स’ टाकून देतो. “ही तार डेंजर आहे,” असे म्हणतो. इंग्रजीच्या हिशेबाने याचा अर्थ होतो, ‘ही तार धोका आहे.’ पण मराठीत आपण शब्द उचलला की तो आपल्या चालीने चालतो. म्हणून बोलण्यात ‘डेंजर’ चालेल. मात्र अर्जात किंवा पत्रात लिहायचे असेल तेव्हा ‘धोकादायक’ लिहावे. तो शब्द सगळ्यांना कळतो आणि कचेरीतही चालतो.

आता ही वाक्ये मोठ्याने वाचा.

हा पूल धोकादायक आहे.
पुरातून गाडी घालणे धोकादायक आहे.
पडक्या भिंतीजवळ बसणे धोकादायक आहे.
या वळणावर धोका आहे.

पहिल्या तीन वाक्यांत गुण सांगितला. चौथ्या वाक्यात धोका हे नाव आले. फरक ध्यानात आला? मग पुढे जाऊ.

आपल्या घरचे शब्द

इंग्रजी शब्द यायच्या आधी आपल्याकडे शब्द नव्हते का? होते, आणि भरपूर होते.

‘खतरा’ हा शब्द आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सहज येतो. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे असे कितीतरी शब्द इथे रुजले. ‘खतरनाक’ हा त्याच घरातला.

‘धोका’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. “पुढे धोका आहे,” म्हणजे संकट आहे. “त्याने मला धोका दिला,” म्हणजे फसवले. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे मुख्यतः फसवणूक. संकटाला हिंदीत ‘खतरा’ म्हणतात. म्हणून पुण्या-मुंबईकडे किंवा परराज्यात कामाला गेलात आणि पाटीवर ‘खतरा’ दिसले, तर तो आपला ‘धोका’च समजावा.

‘जोखीम’ हाही जुना आणि चांगला शब्द आहे. पूर्वी बायामाणसे एस. टी.त बसल्या की कानात सांगत, “जरा नीट बस, अंगावर जोखीम आहे.” म्हणजे अंगावर दागिने आहेत. मौल्यवान वस्तू जवळ बाळगायची म्हणजे ती जाण्याची भीतीही बाळगायची. म्हणून वस्तूलाच जोखीम म्हणू लागले. केवढा शहाणपणाचा शब्द आहे पाहा!

‘घातक’ म्हणजे घात करणारे. ‘विषारी’ म्हणजे ज्यात विष आहे ते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे साप विषारी आहेत. धामण विषारी नाही. पण सगळ्या धोकादायक गोष्टी विषारी नसतात. विहिरीचा कठडा पडलेला असेल तर ती विहीर धोकादायक आहे. तिचे पाणी गोड असले तरी.

हा शब्द आला कोठून?

‘डेंजर’ या शब्दाची मूळ कथा ऐकण्यासारखी आहे.

शेकडो वर्षांपूर्वी हा शब्द फ्रान्स देशाच्या भाषेतून इंग्रजीत आला. त्या वेळी त्याचा अर्थ संकट असा नव्हता. त्याचा अर्थ होता, मालकाची किंवा सरदाराची सत्ता. एखादा माणूस सरदाराच्या ‘डेंजर’मध्ये आहे, म्हणजे त्याच्या मुठीत आहे. सरदाराने मनात आणले तर त्याला काहीही करावे. असा माणूस सदा भीतीत राही. पुढे हळूहळू मुठीचा अर्थ मागे पडला आणि भीतीचा, संकटाचा अर्थ राहिला.

आपल्याला हे समजायला जड नाही. सावकाराच्या मुठीत जमीन गेली की काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. दुसऱ्याच्या मुठीत सापडणे म्हणजेच धोका.

आज सरदार गेले. पण न कळणारी गोष्ट आपल्याला अजून मुठीत धरते. विजेची तार कशी चालते हे कळत नाही, बाटलीवर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, तोवर आपण तिच्या मुठीत आहोत. वाचता आले, समजले, की मूठ सैल होते.

डेंजर वेगळे, रिस्की वेगळे

आता आणखी एक इंग्रजी शब्द घेऊ. ‘रिस्क’ म्हणजे जोखीम. ‘रिस्की’ म्हणजे जोखमीचे. पुष्कळ जण ‘डेंजर’ आणि ‘रिस्की’ हे एकच समजतात. ते जवळचे आहेत, पण एक नाहीत.

धोका असतो. जोखीम घेतली जाते.

एक उदाहरण पाहा. मृगाचा पहिला पाऊस पडला. जमीन अजून पुरती भिजली नाही. शेजाऱ्याने सोयाबीन पेरायला काढले. तुम्ही म्हणता, “तात्या, एवढ्या पावसावर पेरणं रिस्की आहे.” बरोबर बोललात. पाऊस लांबला तर बी वाया जाईल, दुबार पेरणी करावी लागेल. पण पाऊस आला तर पीक आधी हाताला येईल. म्हणजे यात तोटा होऊ शकतो आणि फायदाही होऊ शकतो. तात्या दोन्ही बाजू तोलून ठरवतात. ही जोखीम.

आता दुसरे उदाहरण. शेतात विजेची तार तुटून पडली आहे. कुणी म्हणाले, “बाजूला करून टाकू.” तिथे ‘रिस्की’ म्हणू नका. तिथे ‘धोकादायक’ म्हणा. कारण तिथे तोलायचे काही नाही. हात लावून फायदा काहीच नाही, आणि गेला तर जीव जाणार.

पैशाची जोखीम विचार करून घ्यावी. जिवाचा धोका ओळखून टाळावा. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर डोक्यातला विचारही वेगळा राहतो.

खांबावरची पाटी

‘डेंजर’ हा शब्द आपण सर्वांत जास्त कोठे पाहतो? विजेच्या खांबावर आणि डीपीवर.

तिथे एक पाटी असते. पाटीवर माणसाची कवटी आणि दोन हाडे काढलेली असतात. खाली ‘धोका’ असे लिहिलेले असते. कधी इंग्रजीत ‘डेंजर’ असते. आणि एक आकडा असतो.

ही पाटी कुणाच्या हौसेने लावलेली नाही. १९५६ सालच्या वीज नियमांतच असे सांगितले होते की, धोक्याची सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय त्या जिल्ह्याच्या भाषेत लिहावी, आणि सोबत कवटी व हाडांचे चित्र काढावे. चित्र कशासाठी? ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी.

आता आकडा वाचू. आपल्या घरात दिवा लागतो तो सुमारे २३० व्होल्टवर. शेतातल्या तीन फेजच्या मोटारीच्या पाटीवर ४४० व्होल्ट असे असते. आणि डीपीकडे जी मोठी लाइन येते तिच्या पाटीवर ११००० व्होल्ट लिहिलेले असते. घरातल्या विजेनेही माणूस मरतो. मग ११००० म्हणजे काय, ते समजून घ्या. तिथे तारेला हातच लागला पाहिजे असे नाही. फार जवळ गेले तरी वीज अंगावर झेप घेऊ शकते.

सुरुवातीला ज्या आजींची गोष्ट सांगितली, त्यांच्याबद्दल इथे थोडे सांगतो. त्यांनी परवानगी दिली आहे.

त्यांचा मुलगा शिकलेला होता. दहावी पास होता. रात्रीची वीज होती, ज्वारीला पाणी द्यायचे होते, आणि फ्यूज गेला. असे नेहमीच होई. गावात कुणी ना कुणी डीपीवर जाऊन फ्यूज घाली. त्या रात्री तो गेला. परत आला नाही.

आम्ही आजींना विचारले, “तिथं पाटी नव्हती का?”

त्या म्हणाल्या, “व्हती की. त्याला वाचायला बी येत व्हतं. पर पाटी रोजचीच हाय म्हणायचा.”

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “गुरुजी, ती पाटी मला माझ्या डोळ्यांनी वाचायची हाय. म्हणून मी वर्गाला येती.”

मंडळी, आम्ही आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवली. पण त्या दिवशी आम्हीच एक धडा शिकलो. शब्द वाचता येणे ही पहिली पायरी. शब्द रोज दिसला तरी तो रोज नव्याने मानणे, ही दुसरी पायरी. पहिली पायरी चढून पुष्कळ जण तिथेच थांबतात.

म्हणून हे पाठ करा. डीपीवर लाइनमनशिवाय कुणी चढू नये. एक फ्यूज काढला म्हणजे सगळी वीज गेली असे होत नाही; वरची बाजू जिवंतच असते. तार तुटली तर लांब उभे राहावे, इतरांना अडवावे, आणि १९१२ या क्रमांकावर महावितरणला फोन करावा. कुणी विजेला चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी बटन बंद करावे. घरातले बटन बंद करता आले नाही तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे. मोठ्या लाइनला मात्र लाकूडही चालत नाही. तिथे लाइन बंद होईपर्यंत जवळ जाऊच नये. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नये, दोरी बांधावी.

बाटलीवरचे चार रंग

आता फवारणीच्या बाटलीकडे वळू.

आपण पिकावर मारायच्या विषाला काय म्हणतो? ‘औषध’ म्हणतो. “सोयाबीनवर औषध मारलं,” असे सहज बोलतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेल. पण माणसाच्या दृष्टीने ते विष आहे. शब्द गोड झाला की भीती कमी होते. म्हणून निदान घरात लेकरांसमोर तरी त्याला विषच म्हणावे.

प्रत्येक बाटलीवर किंवा पुड्यावर एक खूण असते. शंकरपाळ्यासारखा, कोनावर उभा केलेला चौकोन. त्याचे दोन भाग असतात. खालच्या भागात रंग असतो. वरच्या भागात शब्द असतो. रंग चार आहेत.

लाल रंग : अतिशय विषारी. वर कवटी आणि हाडे असतात. ‘पॉइझन’ असे लिहिलेले असते. पॉइझन म्हणजे विष.

पिवळा रंग : फार विषारी. इथेही ‘पॉइझन’ असते.

निळा रंग : मध्यम विषारी. इथे ‘डेंजर’ असते.

हिरवा रंग : कमी विषारी. इथे ‘कॉशन’ असते. कॉशन म्हणजे खबरदारी.

आता एक गोष्ट नीट पाहा. ‘डेंजर’ हा शब्द कोणत्या रंगावर आला? निळ्यावर. म्हणजे चढत्या विषात तो वरून तिसरा आहे. कुणी फक्त ‘डेंजर’ एवढाच शब्द ओळखत असेल आणि लाल बाटली हातात घेऊन म्हणेल, “हिच्यावर डेंजर लिहिलेलं नाही, चालतंय,” तर काय होईल? अर्धे ज्ञान असे घात करते. म्हणून शब्द आणि रंग दोन्ही वाचावेत.

हिरव्या रंगाबद्दलही एक खुलासा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. तो म्हणजे शाकाहारी पदार्थ. तो वेगळा. विषाच्या बाटलीवरचा हिरवा रंग म्हणजे खाण्याजोगे असे मुळीच नाही. तेही विषच, फक्त इतरांपेक्षा कमी.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्याच राज्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते पुष्कळांना आठवत असेल. कपाशी उंच वाढली होती. कीड पडली होती. शेतकरी आणि मजूर फवारणी करत होते. दोन-तीन विषे एकत्र केली जात. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, अंगावर पुरते कपडे नाहीत. उंच पिकातून फवारा तोंडावर येई. शेकडो माणसे दवाखान्यात भरती झाली. वीसहून अधिक माणसे एकट्या त्या जिल्ह्यात दगावली. ती काही जीव द्यायला निघाली नव्हती. ती कामाला निघाली होती.

म्हणून फवारताना अंगभर कपडे घालावेत. नाकातोंडाला बांधावे. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, वाऱ्याच्या तोंडी नव्हे. हात धुतल्याशिवाय बिडी-तंबाखूला हात लावू नये. रिकामी बाटली धुऊन तीत तेल किंवा पाणी कधीही भरू नये. चक्कर आली, मळमळले, डोळ्यांपुढे धूसर झाले, तर फवारणी तिथेच थांबवावी. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि दवाखाना गाठावा. १०८ ला फोन केला तर गाडी येते. आणि एक विसरू नका : बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर न्यावा. कोणते विष पोटात किंवा अंगावर गेले, हे डॉक्टरला त्यावरून कळते. आपल्या मनाने उलटी करवू नये.

रस्त्यावरच्या पाट्या

आपला तालुका बालाघाटच्या डोंगरातला. चढ-उतार आहेत, वळणे आहेत. रस्त्याकडेला तीन कोनांची, लाल काठाची पाटी दिसली की समजावे, पुढे सावध राहायचे आहे. वळण असेल, अरुंद पूल असेल, शाळा असेल. चित्रावरून कळते. गोल, लाल काठाची पाटी म्हणजे मनाई किंवा मर्यादा. ती पाळायचीच.

काही ठिकाणी ‘अपघातप्रवण क्षेत्र’ असे लिहिलेले असते. हा शब्द वाचताना आपल्या वर्गातल्या भल्याभल्यांची जीभ अडखळते. त्याचा अर्थ एवढाच की, इथे नेहमी अपघात होतात. ‘इथे अपघात होतात, हळू चला’ असे लिहिले असते तर सगळ्यांना कळले असते. पण पाटी लिहिणारा आपल्याला विचारत नाही. म्हणून आपणच शब्द शिकून घ्यावा.

पेट्रोलच्या आणि गॅसच्या टँकरवर ‘ज्वलनशील’ असे लिहिलेले असते. म्हणजे चटकन पेट घेणारे. २०१७ सालच्या जून महिन्यात पाकिस्तानात बहावलपूर भागात पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून घ्यायला जवळपासचे लोक भांडी घेऊन धावले. आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. फुकटचे पेट्रोल केवढ्याला पडले! टँकर उलटला तर तिकडे नव्हे, उलट्या दिशेने पळावे.

जिथे पाटी नसते

सगळ्यात कठीण धोका कोणता? ज्याच्यावर पाटी नसते तो.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या भागातला कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आणि आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाने जमीन हादरली, पण माणसे मेली ती घराखाली. जाड दगडी भिंती, आत चिखलाचा भराव, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ती घरे गार, म्हणून सगळ्यांना आवडत. भिंत जेवढी जाड तेवढे घर मजबूत, असे आपण समजत होतो. दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. त्यामुळे भिंती ढासळल्या. त्या घरांवर ‘धोकादायक’ अशी पाटी कुणी लावलेली नव्हती.

जुन्या आडात गाळ काढायला उतरणेही असेच. वरून आड शांत दिसतो. पण खाली हवा खराब असू शकते. एक उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून आधी दोरीने कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर खाली मुळीच उतरू नये. कंदील जळत राहिला तरी निर्धास्त होऊ नये, कारण प्रत्येक वाईट वायू दिव्याने कळत नाही. कमरेला दोर बांधून, वर चार माणसे ठेवूनच उतरावे.

पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे विजा पडतात. अशा वेळी झाडाखाली थांबणे धोकादायक आहे. झाडावरही पाटी नसते.

पाटी नसेल तिथे आपल्या डोक्यात पाटी लावावी लागते. शिक्षण ते हेच.

शब्द स्वस्त करू नका

आता आजींच्या नातीकडे पुन्हा येऊ. तिला कुत्रे डेंजर, मास्तर डेंजर, सिनेमाही डेंजर. हल्ली तरुण पोरे कौतुकानेही हा शब्द वापरतात. “काय डेंजर बॅटिंग केली!” “डेंजर भाषण झालं!” यात वाईट हेतू नाही. भाषा अशीच खेळत असते.

पण ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रोज खोटी हाक मारली, मग खऱ्या हाकेला कुणी आले नाही. शब्दाचेही तसेच होते. दिवसभर प्रत्येक गोष्ट ‘डेंजर’ म्हटली, तर विहिरीच्या काठावर पोहोचलेल्या पोराला “डेंजर!” म्हणून ओरडल्यावर ते हसेल. म्हणून कौतुकाला ‘छान’ म्हणा, ‘नामी’ म्हणा, ‘लई भारी’ म्हणा. ‘डेंजर’ आणि ‘धोका’ हे शब्द जिवाच्या वेळेसाठी राखून ठेवा.

पुरे वाक्य कसे बोलावे

आणखी एक. “तिकडं जाऊ नको, डेंजर आहे,” एवढे म्हणून भागत नाही. मूल विचारते, “का?” आपण म्हणतो, “सांगितलं ना!” मग मूल मुद्दाम जाऊन पाहते.

धोक्याच्या वाक्यात तीन गोष्टी याव्यात. काय धोकादायक आहे? का? आणि मग काय करायचे?

“डीपीची पेटी उघडी आहे. आत जिवंत वीज आहे, हात लागला तर जीव जाईल. खेळायचं तर देवळापुढं खेळा.”

“त्या बाटलीत कपाशीचं विष आहे. थेंब पोटात गेला तरी माणूस आजारी पडतो. तिला हात लावू नको, मला हाक मार.”

“ओढ्याला पाणी वाढलंय. खालचा पूल दिसत नाही, गाडी वाहून जाईल. पाणी उतरेपर्यंत थांबा.”

असे बोलले तर ऐकणाऱ्याला पटते. पटलेली गोष्ट आपण जवळ नसतानाही टिकते. नुसता दरारा आपल्या पाठीमागे टिकत नाही.

शेवटी एवढेच सांगतो. आजी आता पाटी वाचतात. परवा वर्गाला येताना वाटेतल्या डीपीपाशी त्या थांबल्या. बरोबर नात होती. आजींनी बोट ठेवल्यासारखे लांबूनच दाखवले आणि एक एक अक्षर लावून वाचले, “धो-का. अकरा हजार.” मग नातीला म्हणाल्या, “बाई, ह्येला म्हनायचं डेंजर. सिनेमाला न्हाई.”

अभ्यास

१. तुमच्या गावात ‘धोका’ किंवा ‘डेंजर’ ही पाटी कोठे कोठे आहे? पाहून या आणि वहीत लिहा.

२. ‘धोकादायक’ आणि ‘जोखमीचे’ हे शब्द घालून दोन-दोन वाक्ये करा.

३. घरातल्या फवारणीच्या बाटलीवर कोणता रंग आहे? तिला हात न लावता, लांबून पाहून सांगा. ती लेकरांच्या हाताला येते का? येत असेल तर आजच उंचावर, कुलपात ठेवायला सांगा.

४. तुमच्या घरात किंवा शेतात पाटी नसलेला एक धोका शोधा. काय, का आणि काय करायचे, अशी तीन वाक्ये लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.